तुम्ही विचारलंत म्हणून : भाड्याच्या घरातल्या सोन्याचं काय?

न्यू जर्सीत नव्याने आलेलं कुटुंब लीजवर सही करायला गेलं की मला हमखास फोन येतो : "अपार्टमेंटच्या ऑफिसमधली बाई रेंटर्स इन्शुरन्स, म्हणजे भाडेकरूचा विमा, मागतेय. घर त्यांचं, मग विमा आम्ही का काढायचा?"

घर त्यांचं, म्हणून भिंती-छपराचा विमा त्यांचा. तुमचा लॅपटॉप, गाद्या, कपाटातल्या पैठण्या यांच्याशी त्यांना देणंघेणं नाही. त्यांना हवी असते ती लायबिलिटी, म्हणजे तुमच्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याच्या भरपाईची सोय, बहुतेक ठिकाणी १ लाख डॉलरची. फोडणीचं तेल पेटलं, छतातले आग विझवणारे स्प्रिंकलर सुटले आणि खालच्यांच्या सोफ्यावर पाणी गळलं, तर भरपाई कोण देणार, एवढीच त्यांची काळजी. काही ठिकाणी ऑफिसच नुसत्या लायबिलिटीची पॉलिसी गळ्यात मारतं. तिच्यात तुमच्या सामानाला छदामही नसतो. महिन्याला साधारण १५-२० डॉलरमध्ये स्वतःची पूर्ण पॉलिसी मिळते, ती घ्या. भरपाई 'रिप्लेसमेंट कॉस्ट'ने, म्हणजे तशीच नवी वस्तू घ्यायच्या किमतीने मागा, नाहीतर जुन्या टीव्हीचे जुन्याच भावाने पैसे हातात पडतील.

आपलं घोडं अडतं ते सोन्यापाशी. सामानाला ३० हजारांचं कव्हर असलं, तरी दागिने चोरीला गेले तर मर्यादा वेगळी, बऱ्याच पॉलिस्यांत १५०० डॉलर. एवढ्यात मंगळसूत्रही धड येत नाही, पाटल्या-तोडे तर लांबच. त्यासाठी दागिने एकेक करून पॉलिसीत नोंदवावे लागतात, म्हणजे 'शेड्यूल' करावे लागतात. आता सासूबाईंनी घातलेल्या पाटल्यांची पावती कुठून आणणार? ओक ट्री रोडवरच्या, म्हणजे एडिसन-इझलिनच्या देशी बाजारातल्या, एखाद्या सराफाकडून अप्रेझल, म्हणजे किमतीचा दाखला, लिहून घ्या. त्यात वजन ग्रॅममध्ये आणि २२ कॅरेट असं स्पष्ट लिहिलेलं हवं. इथे १४ कॅरेटची सवय. शिवाय प्रत्येक दागिन्याचा फोटो. बँकेच्या लॉकरमध्ये आहे म्हणून निर्धास्त राहू नका, एफडीआयसीचं, म्हणजे बँकांच्या सरकारी विम्याचं, संरक्षण ठेवींना असतं, लॉकरमधल्या वस्तूंना नाही.

पुराचं पाणीही या पॉलिसीत बसत नाही. १ सप्टेंबर २०२१ च्या रात्री आयडा वादळाचा पाऊस कोसळला, एलिझाबेथमध्ये तळमजल्याच्या अपार्टमेंटमध्ये माणसं दगावली. तळमजला घेत असाल तर सरकारी पूरविमा वेगळा काढा. भाडेकरूच्या सामानाला त्यात १ लाख डॉलरपर्यंत कव्हर मिळतं, पण तो सहसा ३० दिवसांनी लागू होतो, वादळाची बातमी ऐकून धावलात तर उपयोग नाही.

आणि हो, नवराबायकोला एक पॉलिसी पुरते. रूममेटच्या पॉलिसीत मात्र तुमचं नाव नसेल, तर तुमचं सामानही नाही.