अकरा रात्री जागलेला फोन

फोन दुरुस्तीला आला तेव्हा तक्रार एका वाक्याची होती. अँड्रॉइड १२ वरून १३ वर गेल्यापासून फोन मंद होऊन मेल्यासारखा झालाय, सगळं पुसून नव्यासारखा करून द्या. अपडेटला अकरा दिवस झाले होते. फोन तीन वर्षांचा, ४ जीबी रॅम, ६४ जीबी स्टोरेज, प्रोसेसर मधल्या दर्जाचा. म्हणजे असा फोन, की ज्याच्याबद्दल कोणीही सहज म्हणेल, वय झालं.

फॅक्टरी रीसेट सोपा असतो आणि त्यानंतर बहुतेक वेळा फोन पळतोही. तरी मी तो शेवटासाठी ठेवतो, कारण रीसेट झाला की पुरावा जातो आणि नेमकं काय बिघडलं होतं हे कधीच कळत नाही. शिवाय मालकांना जुनी आवृत्ती परत हवी असते, तेही बहुधा शक्य नसतं. बऱ्याच फोनमध्ये मागे जाण्यावर कुलूप असतं, आणि जिथे नसतं तिथेही डेटा पुसावाच लागतो.

हातात घेतल्यावर पहिल्या पाच मिनिटांत एक विचित्र गोष्ट दिसली. वरून नोटिफिकेशनचा पडदा ओढला तर लोण्यासारखा खाली येत होता. सेटिंग्जही झटकन उघडत होतं. बँकेचं अॅप व्यवस्थित चालत होतं. पण नोंदवहीचं अॅप उघडायला जवळपास चार सेकंद, आणि त्यातली यादी सरकवली की अडखळत, धक्के खात चालायची. फोटो लावण्याच्या एका जुन्या अॅपचीही तीच गत. एकाच फोनवर काही अॅप तरुण आणि काही म्हातारी. उत्तर तिथेच समोर होतं, आणि मी ते बाजूला सारून बॅटरीच्या मागे लागलो.

त्याला कारण होतं. फोन तीन वर्षांचा. लिथियम-आयन बॅटरी जुनी झाली की तिची अंतर्गत रोधकता वाढते. प्रोसेसरने अचानक जास्त प्रवाह मागितला की व्होल्टेज खचतं, आणि फोन बंद पडू नये म्हणून काही फोन प्रोसेसरचा वेग कमी करतात. मालकांचं म्हणणं, “कंपन्या मुद्दाम करतात हो हे, नवा घ्यावा म्हणून.” या समजुतीला इतिहास आहे. अॅपलने जानेवारी २०१७ मध्ये आलेल्या आयओएस १०.२.१ मध्ये जुन्या बॅटरीच्या आयफोनचा कमाल वेग आवरण्याची सोय घातली, डिसेंबर २०१७ मध्ये ते मान्य केलं आणि मार्च २०१८ च्या ११.३ मध्ये बॅटरीची प्रकृती दाखवायला सुरुवात केली. तेव्हापासून कुठलाही फोन अपडेटनंतर मंदावला की पहिला संशय तिथेच जातो. माझाही गेला.

फोनच्या आत डोकावू देणारे डेव्हलपर ऑप्शन्स चालू केले, म्हणजे बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी, मग यूएसबी डीबगिंग. एडीबी म्हणजे संगणकावरून फोनला आज्ञा देण्याचं साधन, आणि डंपसिस म्हणजे फोनच्या एखाद्या भागाची आतली स्थिती सांगणारी आज्ञा. एडीबीने डंपसिस बॅटरी विचारलं. तापमान ३८४ आलं. हा आकडा अंशाच्या दहाव्या भागात असतो, म्हणजे ३८.४ अंश सेल्सिअस. चार्ज ६२ टक्के असताना व्होल्टेज ३.८७, आणि फ्लॅश लावून व्हिडिओ घेताना ३.६९. खचलेली बॅटरी इतक्या चार्जला याहून खूप खाली जाते. त्यानंतर प्रोसेसरच्या प्रत्येक कोअरसाठी प्रणालीने सध्या ठरवलेला कमाल वेग आणि हार्डवेअरचा कमाल वेग ताडून पाहिला. दोन्ही सारखे. म्हणजे कोणी लगाम घातलेला नव्हता. उष्णतेवर नजर ठेवणाऱ्या थर्मल सर्व्हिसचा दर्जा शून्य, म्हणजे उष्णतेमुळेही काही आवरलेलं नव्हतं. या सगळ्यात दीड तास गेला. खरं तर बॅटरी किंवा उष्णता दोषी असती तर नोटिफिकेशनचा पडदाही अडखळला असता. वेग कमी होतो तो सगळ्यांसाठीच होतो, अॅप निवडून नाही.

पुढे स्टोरेज. ६४ पैकी ५ जीबीच्या आसपास मोकळं. हे चांगलं नाही, पण प्रणालीचा जागा कमी असल्याचा इशारा साधारण ५०० एमबी उरल्यावर येतो, त्यापासून फोन लांब होता. डंपसिस डिस्कस्टॅट्स ५१२ बाइट लिहायला लागणारा वेळ आणि अलीकडचा लेखनवेग दाखवतं, ते दोन्ही आकडे ठीक होते. स्टोरेजची चिप थकलेली असती तर इथे चोरी पकडली गेली असती.

मग टॉप ही आज्ञा लावून कोण काय खातंय ते पाहिलं. दोन नावं वर. एक, केस्वॅपडी, म्हणजे रॅम अपुरी पडल्यावर मेमरीची पानं दाबून झेडरॅममध्ये, म्हणजे रॅममधल्याच एका कप्प्यात, कोंबणारा कर्नलचा, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याचा, हमाल. दुसरं, एक ‘क्लीनर’ अॅप. अपडेटनंतर दुसऱ्याच दिवशी मालकांनी फोन हलका करण्यासाठी घेतलेलं. ते दर काही मिनिटांनी पार्श्वभूमीतली अॅप मारत होतं. अँड्रॉइड १४ पासून एका अॅपला दुसऱ्याला असं मारता येत नाही, पण १३ वर येत होतं.

एवढ्यावर क्लीनर काढून फोन परत देता आला असता. पण क्लीनर दुसऱ्या दिवशी आला होता आणि फोन पहिल्या दिवसापासून मंद होता. म्हणून तरुण-म्हातारी अॅपच्या कोड्याकडे परत आलो आणि डंपसिस पॅकेज डेक्सऑप्ट चालवलं. प्रत्येक अॅपचा कोड कोणत्या अवस्थेत आहे आणि का, याची ही यादी.

मालकांनी घेतलेली आणि अद्ययावत झालेली मिळून ११८ अॅप. त्यातल्या ८३ पुढे अवस्था ‘व्हेरिफाय’, कारण ‘बूट-आफ्टर-ओटीए’, म्हणजे अपडेटनंतर फोन सुरू होताना. उरलेल्या ३५ पुढे ‘स्पीड-प्रोफाइल’, कारण ‘इन्स्टॉल’. बँकेचं अॅप पस्तिसात. नोंदवही आणि फोटोचं अॅप त्र्याऐंशीत.

याचा अर्थ असा. अँड्रॉइडचं अॅप येतं ते बाइटकोडमध्ये, म्हणजे कोणत्याच प्रोसेसरची नसलेल्या मधल्या भाषेत, आणि अॅप चालवणारा एआरटी हा भाग ते त्या फोनच्या प्रोसेसरच्या भाषेत आणतं. २०१४ च्या ५.० मध्ये एआरटीने डाल्विक या जुन्या भागाची जागा घेतली तेव्हा हे काम सगळं आधीच उरकलं जायचं. मोठ्या अपडेटनंतर ‘अॅप ऑप्टिमाइझ होत आहेत, ११८ पैकी ३७’ असा पडदा बघत बसायचो, तो त्याचाच. २०१६ च्या ७.० पासून पद्धत मिश्र झाली. अॅप आधी थेट वाचून चालवायचं, जो कोड वारंवार लागतो तो चालता चालता जेआयटी या ऐनवेळच्या भाषांतरकाराने भाषांतरित करायचा, त्याची नोंद प्रोफाइलमध्ये ठेवायची, आणि फोन मोकळा असताना त्या नोंदीनुसार तेवढाच भाग कायमचा भाषांतरित करून डिस्कवर ठेवायचा. हे भाषांतर प्रणालीच्या मूळ लायब्रऱ्यांना धरून केलेलं असतं. मोठं अपडेट त्या लायब्रऱ्याच बदलतं, म्हणून जुनं भाषांतर रद्द. ‘व्हेरिफाय’ म्हणजे कोड तपासलाय, भाषांतर बाकी आहे. ‘स्पीड-प्रोफाइल’ म्हणजे प्रोफाइलनुसार भाषांतर झालंय.

पडदा आणि सेटिंग्ज का पळत होते, तेही इथेच कळतं. त्यांचं भाषांतर अपडेटच्या पॅकेटमध्येच तयार येतं. आणि ती ३५ अॅप? गेल्या अकरा दिवसांत स्टोअरवरून त्यांचं नवं रूप आलं, आणि बसवतानाच त्यांचं काम झालं. स्टोअर इतरांच्या वापरातून जमलेलं प्रोफाइल सोबत पाठवतं, त्यामुळे पहिल्या उघडण्यापासून ती बरी चालतात. ज्या अॅपचे कर्ते वर्षातून एकदाच काही बदलतात, ती मागे राहिली.

क्लीनरने या दुखण्यावर मीठ चोळलं. जेआयटीने केलेलं भाषांतर रॅममध्ये असतं आणि अॅप मेलं की त्याच्यासोबत जातं. दर काही मिनिटांनी अॅप मारायचं, म्हणजे प्रत्येक वेळी पाटी कोरी. केस्वॅपडीच्या घामाचाही यात धागा आहे. डिस्कवर तयार असलेलं भाषांतर रॅम कमी पडल्यावर सहज टाकून देता येतं आणि लागेल तेव्हा पुन्हा वाचता येतं. जेआयटीचा कोड डिस्कवर कुठेच नसतो, तो दाबूनच ठेवावा लागतो. ४ जीबीच्या फोनला हे जाणवतं.

प्रश्न उरला, अकरा रात्रींत हे भाषांतराचं काम का झालं नाही? ते रोज एकदा ठरलेलं असतं, जॉब शेड्युलर या कामांचं वेळापत्रक सांभाळणाऱ्या भागात अँड्रॉइड १३ वर त्याचा क्रमांक ८००. अटी तीन: चार्जिंग चालू, बॅटरी फार उतरलेली नाही, आणि फोन निष्क्रिय. निष्क्रिय म्हणजे स्क्रीन बंद होऊन बराच वेळ कोणी हात लावलेला नाही. मी यादी काढली तेव्हा ‘निष्क्रिय’ हीच अट अपूर्ण दिसत होती, पण त्याला अर्थ नव्हता, फोन माझ्याच हातात होता. म्हणून मालकांना विचारलं, रात्री चार्जिंगला लावता का? रोज लावतो. मग कोणतं अॅप किती वेळ स्क्रीनवर होतं ते दाखवणारं डिजिटल वेलबीइंग उघडलं. रोज सात-साडेसात तास स्क्रीन एका घड्याळाच्या अॅपला. उशाशी चार्जरवर ठेवलेला फोन रात्रभर मंद प्रकाशात वेळ दाखवत होता.

ते अॅप स्क्रीन बंद होऊच देत नाही. स्क्रीन चालू, म्हणजे फोन वापरात, म्हणजे काम पुढे ढकला. गंमत अशी की अँड्रॉइडचा स्वतःचा स्क्रीनसेव्हर लावून हेच घड्याळ दाखवलं असतं तर चाललं असतं, कारण स्क्रीनसेव्हर सुरू होणं हे निष्क्रियतेच्या हिशेबात स्क्रीन बंद होण्यासारखंच धरतात. घड्याळ दोन वर्षांपासून होतं. तोवर कुणाला बाधलं नाही, कारण प्रत्येक अॅप बसवतानाच तयार होत गेलं होतं. अपडेटने सगळं एकदम रद्द केलं तेव्हा उधारी दिसली.

आता उपाय. क्लीनर काढून टाकला. नको असलेले व्हिडिओ मालकांसमोर पुसून १२ जीबी मोकळे केले, कारण भाषांतराला जागा लागते. आधीचे आकडे घेतले: नोंदवही पूर्ण बंद करून पुन्हा उघडायला, तीन वेळांची सरासरी, ३,६४० मिलिसेकंद. यादी सरकवताना अडखळलेल्या फ्रेम ३१ टक्के. साठ हर्ट्झच्या स्क्रीनवर एका फ्रेमला १६.६७ मिलिसेकंद मिळतात, त्यात जी बसत नाही ती अडखळली. मग एडीबीवरून पॅकेज मॅनेजरला बीजी-डेक्सऑप्ट-जॉब, म्हणजे तेच रात्रीचं काम, हाताने चालवायला सांगितलं.

नऊ मिनिटांत ते थांबलं. वेगवान चार्जर, वर जाड कव्हर, आणि सगळे कोअर कामाला. थर्मल दर्जा ‘मॉडरेट’ झाला की हे काम स्वतःहून थांबतं. चूक माझी. कव्हर काढलं, चार्जरऐवजी संगणकाच्या यूएसबीवरच ठेवलं, स्क्रीन बंद केली, फोन धातूच्या पट्टीवर टेकवला आणि पुन्हा चालवलं. झालेली अॅप ते सोडून देतं, त्यामुळे गेलेला वेळ वाया नव्हता. एकूण सुमारे पन्नास मिनिटं. संगणक नसेल तर एवढंच करायचं: कव्हर काढून, स्क्रीन बंद करून, साध्या चार्जरवर दोन-तीन रात्री फोनला शांत पडू द्यायचं.

नंतरचे आकडे: नोंदवही १,४८० मिलिसेकंद, अडखळणं ६ टक्के. केस्वॅपडी यादीत खाली गेला. फोटोचं अॅप सुधारलं, पण हजारो फोटोंची यादी उघडताना ते अजूनही थबकायचं. तो त्याच्या स्वतःच्या डेटाबेसचा दोष, त्यावर माझ्याकडे इलाज नव्हता.

‘कॅश पार्टिशन पुसा’, म्हणजे तात्पुरत्या फायलींचा कप्पा रिकामा करा, हा सल्ला अशा वेळी हमखास मिळतो. ही भाषांतरं कॅश पार्टिशनमध्ये नसतातच, डेटामध्ये अॅपच्या शेजारी असतात, तेव्हा पुसून काही मिळत नाही. रीसेट मात्र खरंच लागू पडतो, आणि त्याचं कारण आता दिसतं: सगळी अॅप नव्याने बसतात आणि बसतानाच भाषांतरित होतात, शिवाय जागा मोकळी असते. अपडेट ‘स्वच्छ’ होतं म्हणून नव्हे. या फोनवर रीसेट केला असता तर तो पळाला असता, घड्याळ पुन्हा उशाशी बसलं असतं आणि पुढच्या मोठ्या अपडेटला हाच खेळ झाला असता.

यूएसबी डीबगिंग बंद केलं आणि घड्याळाच्या जागी स्क्रीनसेव्हर लावून दिला. चार दिवसांनी फोन पुन्हा तपासायला आला. डिजिटल वेलबीइंगमध्ये घड्याळाचं नाव नव्हतं. डेक्सऑप्टच्या यादीत १४ अॅप अजून ‘व्हेरिफाय’ होती, पण कारण बदलून ‘बीजी-डेक्सऑप्ट’ झालेलं, म्हणजे काम त्यांच्यापर्यंत पोचून पुढे गेलं होतं. मालकांनी ती कधी उघडलीच नव्हती, त्यामुळे प्रोफाइल रिकामं आणि भाषांतर करायला काही नाही. नावं वाचून दाखवली. त्यातली अकरा त्यांनी तिथेच काढून टाकली.