दहा वाया गेल्या, अकरा नाही

रात्रीचे पावणेबारा झाले. कूलरच्या टाकीतलं पाणी संपलंय, मोटर बंद करून नुसता पंखा सुरू ठेवलाय, उठून भरायचं जिवावर आलंय. झोप येत नाही. का येत नाही ते सांगितलं तर घरात कोणालाच ते कारण वाटणार नाही, म्हणून इथं लिहून राहिलो.

आज सकाळी टॉवेल वाळत टाकायला गॅलरीत गेलो तर ग्रिलला दोऱ्यांनी सीड्या टांगलेल्या. कबुतरांसाठी. आठ दिवस झाले म्हणे टांगून. नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) लागल्यापासून मी ते दारच उघडलं नव्हतं, पश्चिमेची गॅलरी, दुपारी तिथं पाय ठेववत नाही. आई मागून आली, खूश होती, म्हणे बघ कशा चमकतात, एक कबुतर फिरकलं नाही, तुझ्या अकरा वाया गेल्या होत्या ना, म्हटलं कामी तरी येतील.

मी मोजल्या. अकराच होत्या. पण वाया दहा गेल्या होत्या.

तिसऱ्या दोऱ्याला दादाची होती.

तेव्हा काही बोललो नाही. गाठ सोडवली, डिस्क शर्टाच्या आत धरून खोलीत आणली आणि कपाटात ठेवून ऑफिसला निघून गेलो. दिवसभर डोक्यात तेवढंच. दहा. दहा होत्या आई. संध्याकाळी घरी आल्यावर ट्यूबलाईटखाली नीट बघितली. वरच्या बाजूला त्याचं अक्षर आहे, 'रिज – चालते – ०१-११-०३', आणि 'चालते' खाली दोन रेघा. 'रिज' म्हणजे रिज रेसर, प्लेस्टेशन या गेमच्या मशीनवरचा गाड्यांच्या शर्यतीचा गेम. काळ्या मार्करनं लिहिलेलं होतं ते आता जांभळट झालंय, 'चा' चा काना तर शोधावा लागतो. खालच्या बाजूला कडेकडेनं ओरखडे, वाऱ्यानं ग्रिलवर आपटत राहिली असणार आठ दिवस.

दादा 'चालते' असं उगाच लिहायचा नाही. आमच्याकडे तेव्हा मोझर बेअरच्या पन्नासच्या गठ्ठ्यातल्या सीड्या असायच्या (ती कंपनीही गेली, २०१८ ला लिलावाच्या वाटेला लागली), आणि तो एक बर्न केली, म्हणजे कोऱ्या सीडीवर गेम उतरवला, की लगेच दुसरी करायचा नाही. आधी मशीनमध्ये लावायचा, गेम सुरू करून बघायचा, मग त्यातलं प्रत्येक गाणं शेवटपर्यंत ऐकायचा. शेवटपर्यंत म्हणजे शेवटपर्यंत, आई जेवायला हाका मारून मारून थकायची. मी विचारायचो काऊन रे, सुरू तर झाली ना. तो म्हणायचा बाहेरची कड सगळ्यात आधी दगा देते, सीडी आतून बाहेर वाचत जाते, शेवटचं गाणं नीट वाजलं तर समज सगळी नीट आहे. मग मार्कर. नाही चालली तर फुली.

आता माझ्या दहा.

चिऊला सुट्ट्या लागल्या, बाहेर ४५ डिग्री, पोरगी दिवसभर मोबाईलवर. मला वाटलं दादाचं जुनं प्लेस्टेशन काढावं. तेच, कॉपी केलेल्या सीड्या चालाव्यात म्हणून नागपूरच्या बर्डीवरून चिप बसवून आणलेलं. मूळ काळी डिस्क मधल्या भोकापाशी तडकली आहे पण मी कधीकाळी तिची पूर्ण इमेज, म्हणजे हुबेहूब नक्कल, काढून हार्ड डिस्कवर ठेवली होती. म्हटलं बर्न करू, त्यात काय. पहिला दिवस तर कोऱ्या सीड्या शोधण्यात गेला. बर्डीत पाच दुकानं फिरलो, एक जण म्हणे भाऊ पेन ड्राइव्ह घेऊन जा ना, सहाव्यानं वरच्या फळीवरून धूळ बसलेला गठ्ठा काढून दिला.

पहिल्या दोन माझ्याच घाईनं गेल्या. बिन आणि क्यू अशा दोन फायली असतात, बिनमध्ये सगळा माल आणि क्यूमध्ये कुठला ट्रॅक कुठून सुरू होतो त्याचा नकाशा. मी कधीतरी बिनचं नाव बदलून ठेवलं होतं, क्यूमध्ये नाव जुनंच, सॉफ्टवेअरला फाईल सापडेना, म्हणून मी नुसता डेटाचा ट्रॅक काढून बर्न केला. गाणी गायब. दुसऱ्यांदाही तेच केलं आणि मग कुठं नोटपॅडमध्ये क्यू उघडून बघितली. ती एक ओळ दुरुस्त करायला अर्धं मिनिट लागलं. पुढच्या दोन लाईटनं खाल्ल्या, एक सत्तर टक्क्यांवर आणि एक नव्वदच्या पुढे असताना, यूपीएसची बॅटरी तर कधीचीच गेली आहे. पाचवी घाईत कमाल स्पीडनं केली. मग स्पीड कमी केला, या ड्राइव्हला १६ पट स्पीडच्या खाली जाताच येत नाही, लोक म्हणतात जितकी हळू तितकी चांगली पण आजच्या सीड्यांचा रंगच जास्त स्पीडसाठी बनवलेला असतो, तेव्हा अगदी हळू म्हणजे अगदी चांगली असं काही नसतं, करून बघावं लागतं. अशा करत दहा. प्रत्येक वेळी पांढरा पडदा यायचा, मग काळा, आणि तिथंच अडकायचं. आतून टक टक टक आवाज.

आणि या सगळ्याच्या आधी, पहिल्या दिवशी, चिऊला दाखवायला म्हणून मी दादाचीच लावली होती. तीही काळ्या पडद्यावर अडकली. मी म्हटलं वीस वर्षं झाली, उडाला असेल रंग. कारखान्यातल्या डिस्कमध्ये खड्डे ठोकलेले असतात, घरी बर्न करायच्या सीडी-आरमध्ये नुसता रंगाचा थर असतो, लेझरनं जाळून त्यातच खुणा केलेल्या असतात, तो थर ऊन आणि गरमी सहन करत नाही. म्हणून तिला बाजूला टेबलावर ठेवली. मग तिच्यावर माझ्या एकेक येत गेल्या.

मागच्या रविवारी शेवटी मशीन उघडलं. लेन्सवर पांढरी धूळ, बोट फिरवलं तर दिसेल इतकी. आयसोप्रोपिल अल्कोहोल, कानातली काडी, अगदी हलक्या हातानं. लेझर सरकतो त्या दांडीवरचं जुनं वंगण पुसून नवीन थोडंसं लावलं. लावली आणि अकरावी चालली. चिऊ ओरडली. लोडिंगच्या वेळी तो छोटा गॅलॅक्सियन, परग्रहावरची यानं पाडायचा गेम, येतो ना, सगळे पाडले तर आठ गाड्या जास्त मिळतात, तिचे तीन राहिले. मला इतकं बरं वाटलं की त्या रात्री टेबलाकडे बघितलंच नाही. नाहीतर तेव्हाच डोक्यात यायला पाहिजे होतं की दोष लेन्सचा होता, डिस्कचा नाही. तोवर टेबल रिकामं झालेलं होतं आणि ते रिकामं आहे हेही मला दिसलं नाही.

मला एवढंच म्हणायचंय की एकदा विचारायला काय जातं. या घरात माझी वस्तू म्हणजे कोणाचीच वस्तू नाही असं आहे. मागच्या दिवाळीत हिनं केबलचा डबा भंगारात दिला, त्यात कंट्रोलरची एक्स्टेंशन होती. बाबांची वही कुठं गेली ते अजून कोणी सांगत नाही. दादाचं सामान तर प्लॉटचं झाल्यापासून... जाऊ दे. पण त्या डिस्कवर अक्षर आहे, तारीख आहे, 'चालते' असं मराठीत लिहिलंय, ज्याला वाचता येतं त्याला दिसलं असतं. आईला दादाचं अक्षर ओळखू येत नाही? तिनंच तर त्याच्याकडून पाटीवर गिरवून घेतलं होतं.

हे लिहून थांबलो. उठून टाकी भरली, मोटर लावली, आता वाळ्याचा वास येऊन राहिला.

आईनं ढिगातून उचलली. ढीग मी केला होता. तिला चष्म्याशिवाय जवळचं दिसत नाही आणि दोरा ओवायला ती चष्मा लावत नाही, सवयीनं ओवते. अकरा तिनं माझ्याकडूनच ऐकल्या, मीच जेवताना ताटावर सांगितलं होतं की अकरा डिस्क धरून एकही चालत नाही. धरून. मीच तिला धरली होती त्यात. आणि खरं बघितलं तर दहाही नाहीत. लेन्सच खराब होती तर त्या पाच हळू केलेल्या कदाचित चांगल्याच असतील, आता आठ दिवस ऊन खाल्ल्यावर काय कळणार. चारच्या बाबतीत मी खात्रीनं सांगू शकतो, दोन क्यूच्या, दोन लाईटच्या. बाकीच्यांना मी वाया म्हटलं म्हणून त्या वाया.

तर साडेनऊ वाजता, सगळे जेवून उठल्यावर, दादाची लावली. आधी पीसीत लावून वाचायचा विचार होता पण नाही, म्हटलं तिच्या जागीच लावू. पांढरा पडदा. काळा पडदा. आतून टक, टक. मी श्वास धरून बसलो होतो खरंच. आणि आली. लोगो आला, गॅलॅक्सियन आला, गाडी निवडायचं आलं. रेस सुरू झाली आणि गाणं तडतड करायला लागलं, जणू कोणी वाळू टाकली, दुसरं लावलं तर अर्ध्यात बंदच पडलं, शेवटचं सुरूच झालं नाही.

दादाचं बरोबर होतं. बाहेरची कड गेली. पण हा गेम अख्खा आतल्या छोट्या पहिल्या ट्रॅकमध्ये आहे, मशीनची मेमरी दोन एमबी, त्यात तो एकदाच पूर्ण चढतो आणि नंतर डिस्कला फक्त गाण्यांसाठी हात लावतो. १९९४ च्या ३ डिसेंबरला जपानमध्ये मशीन आलं त्याच दिवशी हा गेम आला, आणि त्यात ही सोय होती की गेम चढल्यावर झाकण उघडून तुमची गाण्यांची कुठलीही सीडी टाका, तीच वाजते. आम्ही तेव्हा हे किती केलं! आईकडे तुकडोजी महाराजांच्या भजनांची सीडी होती, दादा तीच टाकायचा, का तर घरात गाण्यांची ओरिजिनल सीडी तेवढी एकच होती. समुद्राच्या कडेनं लाल गाडी आणि मागं खंजिरी.

ती सीडी देवघराच्या खालच्या कप्प्यात आहे, मला माहीत होतं. आणली. झाकण उघडलं, दादाची काढली, आईची टाकली, बंद केलं. फिरली, थोडा वेळ काहीच नाही, आणि मग खंजिरी.

आई झोपली नव्हती. दारात येऊन उभी राहिली, पदरानं मान पुसत. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणे, "आवाज थोडा वाढव." मी वाढवला. दुसरं भजन सुरू झाल्यावर ती पलंगाच्या कडेला बसली, तिथंच तिला पलंगावर ठेवलेली ती डिस्क दिसली. उचलून लांब धरली, जवळ धरली, अंगठा अक्षरावरून फिरवला. "ही वर होती?" मी म्हटलं हो. ती म्हणे, "अन् मी गाठ दोनदा मारली होती रे, पक्की बसावी म्हणून."

मला काहीच बोलता आलं नाही. दहा-अकरा काही नाही. दिवसभर जे बोलायचं ठरवलं होतं त्यातलं एकही वाक्य तोंडात आलं नाही.

मग ती म्हणाली दादाला दाखव. मी म्हटलं बघू. ती म्हणे बघू नाही, दाखव. मोबाईलवर थोडा व्हिडिओ काढला आहे, गाडी बोगद्यातून निघते आणि खंजिरी ऐकू येते तेवढा. पाठवायचं अजून झालं नाही. एवढ्या रात्री नको.

माझी अकरावी टेबलावर आहे, कोरीच. मार्कर शोधून ठेवलाय. पण सुरू झाली त्या दिवशी चिऊच्या गडबडीत मी तिची दोनच गाणी ऐकली होती, बाकीची ऐकायची राहिलीत. उद्या शनिवार आहे. सगळी ऐकतो, शेवटचं शेवटपर्यंत, मग लिहितो.