ज्याच्यामागे फोन येत नाही

विदर्भात तालुक्याच्या गावी टीव्हीच्या दुकानात शिरलेलं गिऱ्हाईक आधी इंच विचारतं. सोयाबीनचा पैसा हाती आला की ३२चा ४३ होतो, पहिल्या वेच्याचा कापूस बऱ्या भावाने गेला की ४३चा ५५. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८वर आला, त्यामुळे मोठा पडदा मागणाऱ्याला घरात सांगायला आणखी एक कारण मिळालं. दुकानदार हसून इंच दाखवतो, पण त्याचा जीव पडद्यात नसतो. पडद्यात सुटतं किती? ऑनलाइनचा भाव गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर आधीच उघडलेला असतो.

माल बसवायला जाणाऱ्या माणसाचा जीव कशात आहे ते त्याच्या मोटारसायकलच्या डिकीत पाहावं. डिशच्या आरजी-६ वायरचं बंडल, तिच्या टोकाला बसवायच्या एफ कनेक्टरची पुडी, रबर टेप, ब्रॅकेट, एचडीएमआय केबल, चार-दोन रिमोट. टीव्ही एकदाच विकला जातो, ही किरकोळ वाटणारी चिल्लर रोज. पण चिल्लर विकतानाही हुशार माणूस नुसतं मार्जिन पाहत नाही. आर्णी किंवा झरीकडच्या एखाद्या आडगावी पंचवीस-तीस किलोमीटर जाऊन डिश लावली, त्यात समजा दोनशे रुपये सुटले, आणि आठव्या दिवशी फोन आला, “भाऊ, काहीच नाही येऊन राह्यलं टीव्हीवर,” तर ते दोनशे पेट्रोलच्या टाकीत गेले. वर अर्धा दिवस गेला तो वेगळाच. म्हणून इकडे ज्याच्यामागे फोन येत नाही तोच माल आवडता.

आता दूरदर्शनची डीडी फ्री डिश घ्या. डिसेंबर २००४ मध्ये ‘डीडी डायरेक्ट प्लस’ या नावाने ती सुरू झाली. महिन्याचं रिचार्ज नाही, एकदाच पैसे भरले की झालं, त्यामुळे खेड्यात तिचं गिऱ्हाईक कधी तुटत नाही. लावणाऱ्यालाही ती आवडते, कारण ‘रिचार्ज संपलं का पाहा’ हे फोनवरून सांगायचं काम उरत नाही. मात्र ती नीट लावलेली हवी. तिचा उपग्रह जीसॅट-१५ हा ९३.५ अंश पूर्वेला आहे. अकोल्यापासून गोंदियापर्यंत कुठूनही पाहा, तो आग्नेयेपासून थोडा दक्षिणेकडे आणि क्षितिजापासून साधारण ६० अंश वर सापडतो. नवशिका पोरगा ‘६० अंश’ ऐकतो आणि डिशचं तोंड आभाळाकडे करून ठेवतो. मग तासभर फिरवत बसतो. या डिशचा एलएनबी, म्हणजे तिच्यासमोरचा सिग्नल पकडणारा डबा, मधोमध नसून खालून आलेल्या दांड्यावर असतो, त्यामुळे तिची खरी नजर तोंडापेक्षा वीस-पंचवीस अंश वर असते. डिश दिसायला बरीच उभी असली पाहिजे. पहिलं काम पाइप ओळंब्यात उभा करायचं. पाइप तिरका असेल तर डिशमागच्या ब्रॅकेटवरच्या अंशांच्या खुणा खोट्या पडतात. मग अंश पक्के करून डिश आडवी अगदी हळू सरकवायची, दर बोटभर सरकवल्यावर थांबायचं, कारण सेट-टॉप बॉक्सला सिग्नल पकडायला क्षणभर लागतो. शेवटी एलएनबी त्याच्या पकडीत थोडा फिरवून पाहायचा. आणि टीव्हीवर सिग्नलची पट्टी पाहायची ती ‘क्वालिटी’ची. ‘स्ट्रेंग्थ’ची पट्टी उपग्रह सापडला नसला तरी वर चढलेली दिसते, कित्येकांचा दिवस तिनेच खाल्ला आहे.

एवढं करूनही फोन येतोच, आणि दहातल्या बहुतेक वेळी दोष वायरच्या टोकाला असतो. बॉक्समधून एलएनबीकडे त्याच वायरने १३ किंवा १८ व्होल्ट जातात. १३ला एक ध्रुवण, म्हणजे लहरींची उभी किंवा आडवी दिशा, १८ला दुसरं. वायर स्वस्तातली, आतली जाळी विरळ, मधली तार तांब्याचा नुसता मुलामा दिलेली असली की लांब वायरीत व्होल्टेज पडतं, १८चं ध्रुवण मिळत नाही आणि त्यावरचे चॅनल दिसत नाहीत. घरचे म्हणतात, “चॅनलवाल्यांनी बंद केले.” कनेक्टर बसवताना जाळी मागे दुमडायची, तिची एक केसाएवढी तारही मधल्या तारेला शिवली तर शॉर्ट. मधली तार कनेक्टरच्या कडेपेक्षा दोन-तीन मिलिमीटर बाहेर असली की पुरे. पाऊस सुरू झाल्यावर पाणी कनेक्टरातून जाळीत शिरतं आणि जाळीतून झिरपत थेट घरातल्या बॉक्सपर्यंत उतरतं. म्हणून कनेक्टरवर रबर टेप ताणून गुंडाळायची, आणि एलएनबीखाली वायरला एक झोळ ठेवायचा, म्हणजे थेंब त्या झोळाच्या तळाशी गळून पडतात. पांढऱ्या वायरीपेक्षा काळी घ्यावी. चंद्रपूर-अकोल्याच्या मे महिन्यात टिनावर पडलेल्या पांढऱ्या वायरीचं कव्हर दोन-तीन उन्हाळ्यांत पापडासारखं मोडतं.

वानरांवर मात्र अजून कुणाला औषध सापडलेलं नाही. लाल तोंडाचं माकड परवडलं, काळतोंड्या वानराची आख्खी टोळी छपरावर उतरते आणि त्यातलं सगळ्यात वजनदार वानर डिशवरच बसतं. काही जण पाइपाला बोराटीच्या काट्या बांधतात. त्यापेक्षा झाडाच्या फांदीपासून दूर, टिनाऐवजी भिंतीला, चार फास्टनरवर पाइप ठोकणं बरं. वानर बसायचं ते बसेल, निदान डिश तिथेच राहील.

वीज हा वेगळाच विषय आहे. स्टॅबिलायझर विकणं हा इकडे अर्धा धंदा आणि अर्धा धर्म. गिऱ्हाइकाला वाटतं टीव्ही लो व्होल्टेजने जळतो. एलईडी टीव्हीच्या मागचं लेबल वाचा, बहुतेकांवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं. पंखा रेंगाळतो, ट्यूबलाइट पेटत नाही, तरी टीव्ही सुखाने चालू असतो. टीव्ही मरतो तो जास्तीच्या व्होल्टेजने. अवकाळी वाऱ्यात डीपीजवळ न्यूट्रलची, म्हणजे वीज परत जायची, तार तुटली की घरांना न्यूट्रल उरत नाही, दोन वेगळ्या फेजांवरची घरं एकमेकांतून जोडली जातात आणि ज्या घरात वापर कमी तिथे व्होल्टेज चारशेच्या दिशेने चढतं. अशा एका संध्याकाळी एकाच गल्लीतले टीव्ही, बॉक्स आणि मोबाइलचे चार्जर सोबतच जातात. जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीसाठी घेतलेला, नुसतं व्होल्टेज वाढवून देणारा स्टॅबिलायझर इथे काही कामाचा नाही. मागायचा तर ‘हाय कट-ऑफ’वाला मागा. व्होल्टेज हद्दीबाहेर गेलं की जो पुढचा पुरवठा तोडतो आणि लाइन सुधारल्यावर थोडं थांबून परत देतो, तो. हा एवढा फरक समजावून सांगणारा दुकानदार भेटला तर त्याच्याकडून बाकी चार वस्तू डोळे झाकून घ्याव्यात.

स्पाइक गार्डचंही तसंच. आतली वाटाण्याएवढी चकती व्होल्टेजची उसळी आली की ती अंगावर घेते आणि दर उसळीला थोडी झिजते. तिला त्यातला काही भाग अर्थिंगकडे सोडायचा असतो. आता गावातली अर्थिंग पाहा. कधीकाळी वायरमनने लोखंडी नळाला तार बांधून दिलेली. पुढे नळ बदलला, पाइप पीव्हीसीचा आला, तार मात्र तशीच बांधलेली. तिसऱ्या भोकात काहीच नाही. अशा घरात महागडा स्पाइक गार्ड विकणं म्हणजे बाभळीला पाणी घालणं. आधी वायरमनकडून खड्डा, कोळसा, मीठ आणि जीआय पाइपाची अर्थिंग करून घ्यायला सांगावं, त्यात आपल्याला काही सुटत नसलं तरी. विजांचं म्हणाल तर ढग जमायला लागले तेव्हाच पिन काढायची, आणि सोबत बॉक्सच्या मागची डिशची वायरही काढायची. लोक पिन तेवढी काढतात, छतावरून आलेली तार तशीच राहते, आणि मग बॉक्ससकट टीव्हीचं एचडीएमआय पोर्ट जळतं. गडगडाट डोक्यावर आल्यावर मात्र त्या वायरीला हात लावू नये.

आवाजाच्या वस्तूंत गिऱ्हाइकाला पाच डब्यांचं होम थिएटर हवं असतं आणि लावणाऱ्याला साउंडबार द्यायचा असतो. दहा बाय बाराची खोली, वर टिन, एका भिंतीला गव्हाची कोठी. मागचे दोन स्पीकर शेवटी कोठीवर शेजारी-शेजारी बसतात आणि बास वाढवला की टिनाचे हुक वाजतात. खोक्यावरचा ‘पीएमपीओ’चा, म्हणजे क्षणभराच्या कमाल ताकदीचा, हजारांतला आकडा वाचूच नये, आरएमएस वॅट, म्हणजे सतत निघणारी ताकद, विचारावेत. साउंडबार घेतला तर एक एचडीएमआय केबल, आणि ती टीव्हीच्या ज्या भोकाजवळ ‘एआरसी’ लिहिलंय त्यातच, टीव्हीचा आवाज बाहेर देणारं भोक तेच. दुसऱ्या भोकात घातली की आवाज नाही, आणि फोन आलाच. भोक बरोबर असूनही आवाज नसेल तर टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये आउटपुट ‘पीसीएम’ करून पाहावं. ज्यांनी हट्टाने पाच स्पीकर नेलेच त्यांच्याकडे हमखास एका स्पीकरचे लाल-काळे उलटे जोडलेले असतात. मग आवाज येतो पण बास पोकळ. दीड व्होल्टचा साधा सेल स्पीकरच्या दोन टोकांना क्षणभर लावायचा. सेलचं प्लस लालला लागल्यावर स्पीकरचा कागदी कोन बाहेर उसळला तर बरोबर, आत ओढला गेला तर मागच्या खुणा उलट्या आहेत. आणि लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर होम थिएटर घोंघावत असेल तर त्याचा दोष नाही, इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा, म्हणजे चौकोनी लहरींची वीज देणारा आहे.

ब्रॅकेटमध्ये सुटतं बऱ्यापैकी, पण भिंत पाहून. पांढऱ्या मातीच्या भिंतीत फास्टनर धरत नाही, तिथे स्टँडच द्यावा. टीव्हीमागच्या भोकांचं अंतर १०० मिलिमीटर असेल तर स्क्रू एम-४चे, म्हणजे ४ मिलिमीटर जाड, २०० बाय २०० असेल तर बहुधा एम-६चे. लांब स्क्रू जोर लावून पिळला तर आत पॅनलला टेकतो. उंचीचं तर कुणी ऐकतच नाही. सतरंजीवर बसून पाहणाऱ्याचे डोळे जमिनीपासून पाऊण मीटरवर, आणि टीव्ही दाराच्या चौकटीवर, देवाच्या फोटोच्या रांगेत.

एक काम मात्र फुकटचं आहे आणि ते बसवतानाच करून टाकावं. नव्या टीव्हीची ‘बॅकलाइट’ कारखान्यातून बऱ्याचदा पूर्ण १००वर आलेली असते, ती ६०-७०वर आणावी. आतल्या पट्ट्यांवरचे एलईडी एकामागोमाग जोडलेले असतात, टिनाखालच्या उन्हाळ्यात त्यातला एक गेला की सगळा पडदा अंधारतो आणि आवाज तेवढा चालू राहतो. अशा वेळी पडद्यावर तिरपी बॅटरी मारून पाहावी. चित्र पुसट हलताना दिसलं तर पॅनल शाबूत आहे, पट्ट्या बदलून काम होतं. बदलताना मात्र सगळा संच बदलावा. एकच पट्टी बदलून दिलेला टीव्ही पुन्हा दुकानात येतोच.

अलीकडे सगळ्यात खपतोय तो ट्रॉली स्पीकर, चाकांचा, माइकसकट. बारसं, हळद, सांजेची सामुदायिक प्रार्थना, सगळीकडे एकच नग फिरतो. त्यात बहुधा १२ व्होल्टची लेड ॲसिडची बॅटरी असते. लग्नसराई संपली की तो रिकाम्या बॅटरीनिशी माळ्यावर जातो आणि पोळ्याला खाली काढला की मेलेला असतो. वापर असो-नसो, महिन्यातून एकदा पूर्ण चार्ज करायचा, हे विकतानाच बिलावर लिहून द्यावं. माइक शिट्टी मारतो म्हणून परत आणणाऱ्याला स्पीकर पुढे आणि माइक त्याच्या मागे, एवढंच सांगायचं.

आणि रिमोट. याच्यासाठी कुठल्याच गावाला जावं लागत नाही, बाजाराच्या दिवशी गिऱ्हाईक जुना रिमोट खिशात घालून स्वतः येतं. तो लगेच बदलून देऊ नये. मोबाइलचा पुढचा कॅमेरा चालू करून रिमोटचं टोक त्यासमोर धरायचं आणि बटण दाबायचं. जांभळट ठिपका चमकला तर रिमोट ठीक आहे, दोष बॉक्सच्या डोळ्यात, बहुतेक वेळा त्यावर साचलेल्या धुळीत. ठिपका नाही दिसला तर सेलच्या स्प्रिंगवरचा पांढरा गंज खरवडून नवे सेल घालून पाहायचे. तरीही अंधार असेल तर नवा द्यायचा, पण दुकानात त्याच मॉडेलच्या बॉक्सवर चालवून दाखवूनच.