फियाटचे इंजिन बदलण्याआधी

कुर्ल्यात बनलेल्या आमच्या १९७० च्या फियाट ११०० चे १०८९ सीसीचे इंजिन ऑइल खाऊ लागले असून सायलेन्सरमधून निळसर धूर येतो. आधुनिक इंजिन बसवावे असा मेकॅनिकचा आग्रह आहे. परंतु त्यासोबत गिअरबॉक्स बदलला, की स्टिअरिंगजवळचा गिअरचा दांडा जातो, प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सची ताकद मागच्या चाकांकडे नेणारा फिरता दांडा) कापून पुन्हा बॅलन्स करावा लागतो, आणि चारही ड्रम ब्रेक नव्या इंजिनाच्या वेगाला पुरतील का, हा प्रश्न उरतोच. आरटीओची परवानगी वेगळीच. शिवाय २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज नोंदणीसाठी ५० वर्षांहून जुन्या गाडीच्या इंजिनात मोठा फेरबदल झालेला चालत नाही, म्हणून मूळ इंजिनच बोअर करून, म्हणजे झिजलेले सिलिंडर आतून तासून, घेण्याकडे माझा कल आहे. मेकॅनिक अर्थातच नाराज आहे.