सॉफ्टबॉलवर घर चालतं का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. हा प्रश्न मला दर जुलैत, ॲडमिशनच्या गर्दीत, जिमखान्याच्या दारात उभे राहून पालक विचारतात. लग्नकार्यात नातेवाईकही विचारतात, फक्त जरा गोड करून: "अजून ते सॉफ्टबॉलच का गं?"

नुसत्या सॉफ्टबॉलवर नाही चालत. आमच्याकडे कॉलेजात सॉफ्टबॉल कोच म्हणून वेगळी जागा सहसा नसतेच. असतो तो शारीरिक शिक्षण संचालक, आणि त्याच्या गळ्यात कबड्डीपासून बुद्धिबळापर्यंत सगळं. मी शारीरिक शिक्षणात बीपीएड केलं, एमपीएड केलं, सेट ही प्राध्यापकीची पात्रता परीक्षा पास झाले आणि तरी सहा वर्षं तासिका तत्त्वावर काढली. तास नाहीत तर पैसे नाहीत, त्यामुळे मे महिना आला की पोटात गोळा यायचा. सकाळी नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एका शाळेत पीटी, दुपारी कॉलेज, संध्याकाळी मैदान. घर चाललं ते असं.

मैदानही आपलं नसतं. ते क्रिकेटवाल्यांचं, आम्ही त्यांच्या आधी उठायचं. माझ्याकडे एक नायलॉनची दोरी आहे, गाठी मारलेली. सॉफ्टबॉलचं मैदान म्हणजे चार कोपऱ्यांचा चौकोन: होम प्लेटपाशी फटका मारायचा आणि पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या बेसवरून धावत परत होमला यायचं. होम प्लेट ते समोरचा दुसरा बेस ८४ फूट सव्वादहा इंच. तेवढं अंतर आधी मोजायचं, मग १२० फुटांची दोरी या दोन टोकांना धरून मधली ६० ची गाठ एकीकडे ताणली की पहिला बेस, दुसरीकडे ताणली की तिसरा. पिचरची, म्हणजे चेंडू टाकणारीची, गाठ ४३ फुटांवर, ती लाल सुतळीची. मग फक्की मारायची. नऊ वाजता क्रिकेटची पोरं येतात आणि आमच्या रेघांवरून रन-अप घेतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा दोरी.

येणाऱ्या मुलींपैकी बहुतेकींनी सॉफ्टबॉल पाहिलेलाही नसतो. क्रिकेट मात्र गल्लीत खेळून अंगात भिनलेलं. दोन वर्षांपूर्वी एकीनं पहिल्याच दिवशी झकास फटका मारला आणि बॅट हातात घेऊनच पळत सुटली. पहिल्या बेसपाशी पोचल्यावर वाकून बॅट टेकवली आणि वळून परत होमकडे! अर्ध्या वाटेत आम्ही सगळ्या हसून लोळतोय हे बघून ती थांबली. बॅट टाकून पळायचं, हे अंगवळणी पडायला आठवडा जातो. ग्लोव्ह डाव्या हातात घालायचा हे उजव्या हातानं झेल घेणारीला पटतच नाही. आणि चेंडू सोडून देणं! "मॅडम, बाहेरचा होता म्हणून सोडला." बाहेरचा कसला, प्लेटवरूनच गेला होता. स्ट्राइक, म्हणजे फटक्याची एक संधी गेली.

नावात सॉफ्ट असलं तरी चेंडू मऊबिऊ काही नाही. घेर १२ इंच, क्रिकेटचा साधारण ९. लहान पंज्यात तो मावत नाही, म्हणून मी पिचरला आधी चेंडू देतच नाही. मोज्यांची गुंडी करून देते. हात खांद्यातून पूर्ण गरगर फिरवायचा, मनगट मांडीजवळून सटकवायचं आणि गुंडी भिंतीवर आपटायची. महिनाभर नुसतं हेच.

पण पालकांच्या प्रश्नात माझं घर नसतंच, त्यांच्या पोरीचं असतं. तर शासकीय नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. त्यासाठी ठरावीक स्तरावरची कामगिरी लागते आणि प्रमाणपत्राची पडताळणी लागते. म्हणजे कागद. कोचचं निम्मं काम कागदाचं आहे, हे बीपीएडला कुणी शिकवत नाही. एका वर्षी माझी शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमध्ये उभी राहून चेंडू अडवणारी, विभागीय स्पर्धेला मुकली. तिच्या पात्रता फॉर्मला आदल्या वर्षाची गुणपत्रिका जोडायची राहिली. राहिली म्हणजे माझ्याच टेबलावर, रजिस्टरखाली राहिली. तिचं शेवटचं वर्ष होतं. ती टीमबरोबर आली, सातही इनिंग मांडीवर स्कोअरबुक घेऊन बसली, एकही खाडाखोड न करता. मला काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. तेव्हापासून फॉर्मची फाइल मी घरी नेते.

ऑलिम्पिकचंही विचारतात. महिलांचा सॉफ्टबॉल १९९६ ते २००८ होता, मग काढला, टोकियोत परत आणला, पॅरिसला नव्हता, २०२८ ला लॉस एंजेलिसमध्ये पुन्हा आहे. जपानची युकिको उएनो २००८ ला सुवर्णपदक जिंकली आणि मग थेट २०२१ मध्ये, वयाच्या ३९ व्या वर्षी. मधली तेरा वर्षं तिच्या नातेवाइकांनी तिला काय काय विचारलं असेल, देव जाणे.

सध्या माझी पिचर दिंडोरीकडची आहे. ऑक्टोबरात घरी द्राक्षाची छाटणी असली की दांडी. तिच्या वडिलांना मी भेटायला गेले तर ते म्हणाले, "मॅडम, पोरगी हुशार हाय, पन ह्यात पुढं काय?" मी त्यांना आरक्षणाचं सांगितलं, फॉर्मचं सांगितलं, घरापासून मैदानापर्यंत कुठली बस किती वाजता आहे तेही सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "बघू," म्हणाले आणि परतताना पिशवीभर लिंबं दिली. छाटणी उरकल्यावर पोरगी आली. हातावर कात्रीचे घट्टे होते. चेंडूवरची पकड मात्र पहिल्यापेक्षा बरी वाटली. माझा भ्रमही असेल.

मानधनाचा आकडा हवा असेल तर समोरासमोर सांगेन, इथे लिहायची लाज वाटते. सकाळी साडेसहाला मैदानावर या. दोरीचं दुसरं टोक धरायला माणूस लागतोच.