रुपया-पाउंड तक्ता: आखाजीपर्यंत कुठवर आलं

मंडळी, १८७० ते १९७५ चा रुपया-पाउंडच्या दरांचा तक्ता हळूहळू भरत चाललाय, आणि या आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) घरातच एक अशी गोष्ट हाती लागली की तक्त्याला एक नवा रकाना जोडावा लागला, ते खाली सांगतोच.

आधी एक्सेलचं सांगतो, कारण ज्यांना हे काम करायचंय त्यांना उपयोगी पडेल. जुने दर रुपयाला किती शिलिंग-पेन्स असे असतात आणि छापलेले असतात १/४, १/६ असे, म्हणजे १ शिलिंग ४ पेन्स, १ शिलिंग ६ पेन्स. ते तसेच टाइप केले की १/४ ची १ एप्रिल होते आणि १/६ ची १ जून, माझ्या दोन संध्याकाळी ते निस्तरण्यात गेल्या. आता शिलिंगचा रकाना वेगळा, पेन्सचा वेगळा, पेन्सच्या अपूर्णांकाचा वेगळा, आणि शेवटी २४० भागिले एकूण पेन्स (शिलिंगचे १२ पेन्स, पाउंडाचे २० शिलिंग म्हणजे २४० पेन्स), की पाउंडाचे किती रुपये ते मिळालं. १ शिलिंग ४ पेन्स म्हणजे १६ पेन्स, पाउंडाचे बरोबर १५ रुपये, आणि यातली मला फार आवडणारी गोष्ट म्हणजे रुपयाचे १६ आणे आणि १६ पेन्स, म्हणजे एक आणा बरोबर एक पेनी. दर कसा लक्षात ठेवायचा हा प्रश्नच नाही.

१८७० ते १८९९ हा भाग झाला. सुरुवातीला रुपया जवळजवळ २ शिलिंग, पण रुपया चांदीचा, मग चांदीचा भाव पडत गेला तसा रुपयाही पडत गेला आणि १८९४-९५ ला १३ पेन्सच्या आसपास आला. मधे १८९३ ला सरकारने टांकसाळी लोकांच्या चांदीला बंद केल्या, म्हणजे तुम्ही चांदी नेऊन द्या आणि रुपये पाडून घ्या हे संपलं, आणि पुढे १६ पेन्सवर दर बसला तो पहिल्या महायुद्धापर्यंत.

१९२० ने मात्र खूप वेळ घेतला. फेब्रुवारीत रुपया अडीच शिलिंगच्याही वर आणि १९२१ मध्ये तोच १ शिलिंग ४ पेन्सच्या खाली. अशा वर्षाची सरासरी कशी काढायची? समजा एका महिन्याला ३२ पेन्स, एका महिन्याला १६. पेन्सची सरासरी २४, त्यावरून पाउंडाचे १० रुपये. पण आधी रुपये काढले तर साडेसात आणि पंधरा, त्यांची सरासरी सव्वाअकरा. आकडे तेच, उत्तरात सव्वा रुपयाचा फरक. म्हणून ठरवलं की सरासरी कायम पेन्सची काढायची, कारण बाजारात दर पेन्समध्येच बोलला जायचा, आणि १९२० पुरते महिन्याचे आकडे वेगळे द्यायचे. तुमच्यापैकी कुणी पाउंडाकडून सरासरी काढत असेल तर तसं तक्त्यावर लिहून ठेवा बरं का, नाहीतर दोघांचे तक्ते कधीच जुळणार नाहीत.

आता आखाजीचं. पणजोबा इथे जळगावजवळ एका जिनिंगमध्ये (कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात) दिवाणजी होते, त्यांची संवत १९८३ ची एक वही पेटीत होती, म्हणजे १९२६ च्या दिवाळीपासूनची. मोडी मला अजून अडखळत येते, पण समासात कापसाच्या नोंदीशेजारी १३-५-४ असं स्वच्छ दिसत होतं, मी ती तारीख समजून सोडून दिली होती. आत्या पारोळ्याहून आखाजीला आली, वही बघून म्हणाली, "हाई काय शे रे भाऊ?" मी दाखवलं, तर चष्मा न लावता म्हणाली, तेरा रुपये पाच आणे चार पै, आणि आण्याच्या १२ पै, म्हणून पाच आणे चार पै म्हणजे रुपयाचा तिसरा हिस्सा. तिची शाळा १९५७ च्या आधीची, आणे-पै तिला तोंडपाठ. माझ्या एकदम लक्षात आलं की तेरा आणि एक तृतीयांश, अरे हा तर १ शिलिंग ६ पेन्सचा दर! २४० भागिले १८. पाउंडाचा भाव आमच्या जिनिंगच्या वहीत!

मग हिशोब करून बघितला. मुंबईची कापसाची खंडी ७८४ पौंड वजनाची. विलायतेत भाव समजा पौंडाला ६ पेन्स, तर खंडीचे ४७०४ पेन्स. १६ पेन्सच्या रुपयाने ते होतात २९४ रुपये, १८ पेन्सच्या रुपयाने २६१ रुपये ५ आणे ४ पै. विलायतेतला भाव तोच, पण खंडीमागे ३२ रुपये १० आणे ८ पै कमी, म्हणजे नववा हिस्सा गेला, आणि शेतसारा भरायचा तो रुपयातच. रुपयाच्या चलनाचा विचार करणाऱ्या १९२६ च्या हिल्टन यंग कमिशनमध्ये कापूस बाजारातले पुरुषोत्तमदास ठाकुरदास १ शिलिंग ४ पेन्ससाठी वेगळं मत नोंदवून अडून बसले ते मी आधी नुसतं वाचलं होतं, आता कळलं. अर्थात १८ पेन्सचा दर ठरवणाऱ्या १९२७ च्या कायद्याने एका रात्रीत भाव पडला असं नाही, १९२५ पासून दर बाजारात १८ पेन्सच्या जवळच होता, कायद्याने तो पक्का केला. तर नवा रकाना आहे 'खंडीचे रुपये, ६ पेन्स धरून', आणि माझ्या मते खानदेशातल्या माणसाने तक्ता केला तर तो त्यात असायलाच हवा.

पुढचं सोपं गेलं. रिझर्व्ह बँकेच्या १९३४ च्या मूळ कायद्यात दर एकच नव्हता, १ शिलिंग ५ पूर्णांक ४९/६४ पेन्सपासून १ शिलिंग ६ पूर्णांक ३/१६ पेन्सपर्यंत पट्टा होता, म्हणजे पाउंडाचे साधारण १३.५१ ते १३.२०. १९४९ ला दोन्ही चलनं डॉलरसमोर सारखीच खाली गेली म्हणून आपल्या रकान्यात काहीच हललं नाही. ६ जून १९६६ ला पाउंड २१ रुपयांवर, आणि नोव्हेंबर १९६७ ला पाउंड घसरला तेव्हा आपण सोबत गेलो नाही म्हणून १८. सप्टेंबर १९७५ ला पाउंडाशी गाठ सुटली, तिथे तक्ता थांबतो.

आत्या म्हणते पारोळ्याला माळ्यावर पणजोबांच्या अजून दोन वह्या आहेत आणि त्यातली एक संवत १९७६ ची, म्हणजे बरोबर १९१९ च्या दिवाळीपासून १९२० च्या दिवाळीपर्यंतची. शनिवारी भिंग आणि मोबाईलचा स्टँड घेऊन निघतोय, समासाचे फोटो आधी काढणार.