कोविडमधे आमचं गिरणीचं म्युझियम परत उघडलं, त्याचा माझा अनुभव

खूप दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, शेवटी आज बसले. मी मूळची सोलापूरची, लग्नानंतर इंग्लंडला आले, आणि आता पूर्व लँकेशायरमधल्या एका छोट्या गावात कापड गिरणीचं म्युझियम आहे तिथे पार्ट टाइम मॅनेजर आहे. पगारी माणसं आम्ही दोघंच, मी आणि मशिनरी बघणारा एक जण, बाकी सगळे व्हॉलंटियर, त्यातले निम्म्याहून जास्त सत्तरीच्या पुढचे. शेडमधे आठ साचे आहेत. साचा म्हणजे लूम, माझे आजोबा सोलापूरच्या जुन्या मिलमधे साचेखात्यात होते त्यामुळे माझ्या तोंडी तोच शब्द. आठातले तीन अजून चालतात, वरच्या शाफ्टवरून चामड्याचा पट्टा खाली येतो, तो चढला की धोटा (शटल, आडवा दोरा नेणारा) इकडून तिकडे असा आपटतो की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. हे मुद्दाम सांगतेय, पुढे त्याचा संबंध आहे.

१७ मार्च २०२० ला आम्ही दार लावलं, २३ ला देशभर लॉकडाउन. आमची कमाई म्हणजे तिकीट, शाळांच्या सहली, छोटं दुकान आणि चहा-केक, हे सगळं एका दिवसात शून्य झालं, आणि तेही ईस्टरच्या तोंडावर, म्हणजे आमचा सीझन सुरू होतानाच. खर्च मात्र कुठे थांबतोय, इन्शुरन्स आहे, वीज आहे, चोरीचा अलार्म आहे, आणि एक कोपऱ्यातलं छत जे दर पावसात गळतं.

दुसऱ्या आठवड्यात म्युझियम डेव्हलपमेंटच्या बाईंचा फोन आला. इंग्लंडमधे प्रत्येक विभागात ही अशी एक टीम असते, आर्ट्स काउन्सिलच्या (कलेला आणि म्युझियमना सरकारी पैसा देणारी संस्था) पैशावर चालते, आमच्यासारख्या छोट्या म्युझियमला सल्ला आणि ट्रेनिंग बहुतेक फुकट देते. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, तुमचे मोकळे पैसे किती आहेत? मी बँकेतला आकडा सांगितला. त्या म्हणाल्या तो नको, मोकळे किती ते सांगा. मग आमचे खजिनदार काका (रिटायर्ड शिक्षक, वय ७४) आणि मी फोनवर बसून वही काढली तेव्हा कळलं की बँकेतल्यातला अर्ध्याच्या वर पैसा लोकांनी एका साच्याच्या दुरुस्तीसाठी म्हणून दिलेला होता. एका कामासाठी दिलेला पैसा चॅरिटीला वीजबिलाला वापरता येत नाही, कायद्यानेच नाही. म्हणजे आमच्याकडे दिसत होतं त्याच्या निम्मंही नव्हतं. मला त्या रात्री झोप लागली नाही, खरं सांगते.

त्यातून फर्लो, म्हणजे काम बंद म्हणून घरी बसवलेल्या माणसांच्या पगाराची सरकारी योजना. सरकार पगाराचे ८० टक्के देणार, महिन्याला २,५०० पाउंडांपर्यंत, पण अट अशी की फर्लोवर असलेल्या माणसाने त्या नोकरीचं काम अजिबात करायचं नाही. म्हणजे आम्ही दोघं पगारी घरी बसलो आणि बिल्डिंगची फेरी, नळ सोडणं, गळणाऱ्या छताखाली बादली ठेवणं हे सगळं ट्रस्टींच्या अंगावर आलं, जे स्वतः वयस्कर. मला इमेलला उत्तर द्यायचीही परवानगी नाही आणि हाताशी अख्खा दिवस मोकळा, याच्यासारखा त्रास नाही. पण एक गोष्ट चालायची, ट्रेनिंग घेता यायचं. म्हणून एप्रिल ते जून मी झूमवर मिळेल ते ट्रेनिंग घेतलं, रिस्क असेसमेंट कसं लिहायचं, कॅश फ्लो कसा मांडायचा, बंद इमारतीत वस्तूंची काळजी कशी घ्यायची, व्हॉलंटियरना परत बोलावताना काय विचारायचं. सगळ्या चौकोनांत तेच थकलेले चेहरे, कोणी लोहारकामाच्या म्युझियमचं, कोणी कालव्यावरच्या बोटींचं, आणि दर सेशनच्या शेवटी पाच मिनिटं सगळे नुसते आपापलं सांगायचे. ती पाच मिनिटं मला सगळ्या स्लाइड्सपेक्षा जास्त कामी आली.

पैशाचं सांगते, कारण बऱ्याच जणांना वाटतं की सरकारने पैसे वाटले आणि आपण घेतले. पहिली मदत इथल्या काउन्सिलमार्फत (म्हणजे आपली नगरपालिका) आली, दुकानं, हॉटेलं आणि म्युझियम असल्यांसाठीची ग्रँट होती, रेटेबल व्हॅल्यू (कर लावायला धरलेलं जागेचं वर्षाचं भाडं) १५,००० पाउंडांच्या आत असेल तर १०,००० मिळायचे. आम्ही त्यात बसलो, त्याच्यावर उन्हाळा निघाला. मोठा आधार होता नॅशनल लॉटरी हेरिटेज फंडाचा, त्यांनी ५ कोटी पाउंडांचा इमर्जन्सी फंड काढला, एकेका संस्थेला ३,००० ते ५०,००० पर्यंत, आणि तो पूर्वी कधी त्यांची ग्रँट घेतलेली असेल अशांसाठीच. आम्ही बऱ्याच वर्षांपूर्वी शेडच्या कामाला घेतलेली होती, तो जुना कागद काकांच्या माळ्यावरच्या फाइलमधे सापडला तेव्हा त्यांनी मला फोन करून नुसतं मिळाला मिळाला एवढंच दोनदा म्हटलं आणि ठेवला.

अर्जाचा पहिला मसुदा एका ट्रस्टीबाईंनी लिहिला, फार सुंदर, गिरणी कधी उभी राहिली, गावातली किती घरं तिच्यावर जगली. म्युझियम डेव्हलपमेंटच्या बाईंनी तो वाचून सांगितलं की हे सगळं खरं आहे पण अर्ज वाचणाऱ्याला एवढंच बघायचंय की तुमचे पैसे कुठल्या महिन्यात संपतात आणि या पैशाने तुम्ही कुठपर्यंत पोचता, ते पहिल्या ओळीत लिहा. १ जुलैपासून फर्लोवर असतानाही थोडे तास काम करता यायला लागलं तेव्हा मी आणि काकांनी बारा महिन्यांचा तक्ता केला, महिना महिना, येणार किती, जाणार किती. नोव्हेंबरच्या रकान्यात आकडा उणे झाला. मी तोच आकडा पहिल्या ओळीत घातला. ५ जुलैला सरकारच्या १५७ कोटी पाउंडांच्या कल्चर रिकव्हरी फंडाची घोषणा झाली आणि आमच्या व्हॉट्सअॅपवर सगळे आता सुटलो म्हणायला लागले, पण हातातला अर्ज आधी पुरा करू असं ठरवलं कारण शेवटची तारीख ३१ जुलै होती. दुसरीकडे एका खाजगी ट्रस्टकडे पण मागितलं होतं, तिथून दोन ओळींचा नकार आला, कारण काही नाही. वाईट वाटलं. हेरिटेज फंडाचा होकार ऑगस्टमधे आला.

मधल्या काळात ३० जुलैला रात्री जाहीर झालं की पूर्व लँकेशायरमधे दोन घरच्या माणसांनी घरात एकत्र यायचं नाही. म्युझियम उघडायला बंदी नव्हती, पण लोकांच्या मनात भीती परत बसली आणि आमच्या सहा व्हॉलंटियरनी कळवलं की आम्ही एवढ्यात येत नाही. मी कोणालाही आग्रह केला नाही.

उघडायची तयारी म्हणजे फक्त सॅनिटायझर आणि बाण नव्हेत हो. चार महिने बंद इमारतीत नळ तसेच बंद राहिले तर पाण्यात लिजिओनेला नावाचे जंतू वाढू शकतात, म्हणून प्रत्येक नळ दर आठवड्याला वाहता ठेवायचा, ट्रस्टींनी ते इमानदारीने केलं. सॅनिटायझरची बाटली वस्तूंपासून लांब ठेवायची, कारण अल्कोहोलचा थेंब जुन्या शेलॅक पॉलिशवर पडला की पॉलिश विरघळतं, आणि निर्जंतुक करायचा म्हणून कुठल्याही वस्तूवर फवारा मारायचा नाही, लोकांचा हात लागलेली वस्तू ७२ तास नुसती बाजूला ठेवायची. हे मला ट्रेनिंग नसतं तर माहीतच नसतं, मी तर साच्याचे दांडे पुसायला निघाले होते.

आणि कसर, लोकर खाणारी कीड. गिरणीत काम करणाऱ्या बायका लोकरीची शाल डोक्यावरून घ्यायच्या आणि पायात लाकडी तळाचे क्लॉग, आमच्याकडे अशा दोन शाली आहेत. माणसांची ये-जा नाही, अंधार, शांतता, कसरीला अजून काय पाहिजे. जुलैमधे कपाट उघडलं तर एका शालीच्या घडीत बारीक जाळी आणि भोकं. मला रडू आलं, ती शाल जिने दिली तिची नात अजून गावात राहते. झूमवर शिकवलेलं आठवलं, शाल पॉलिथिनमधे घट्ट बंद केली आणि काकांच्या गॅरेजमधल्या डीप फ्रीझरमधे उणे १८ ला दोन आठवडे ठेवली, बाहेर काढल्यावरही पिशवी लगेच उघडायची नाही, खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची, नाहीतर दव धरतं. भोकं गेली नाहीत, पण कसर मेली.

आता मास्क. ८ ऑगस्टपासून म्युझियममधे मास्क सक्तीचा झाला. आमच्याकडे एक आजी आहेत (नाव घेत नाही, मी मनात आजीच म्हणते), वय ८१, पंधराव्या वर्षापासून साच्यावर. त्यांच्या पिढीच्या विणकर बायकांचे कान त्या आवाजाने गेलेत, आणि शेडमधे बोलायला त्यांची एक पद्धत होती, मी-मॉ म्हणतात, आवाज न काढता ओठ मोठे मोठे हलवून बोलायचं, दहा साच्यांपलीकडून कळायचं म्हणे. आजी अजूनही समोरच्याच्या ओठांवरूनच ऐकतात. मास्क आला आणि त्यांच्यासाठी सगळं जग मुकं झालं. ओठ वाचणाऱ्या माणसाशी बोलताना मास्क काढायची नियमात सूट होती, पण ८१ वर्षांच्या बाईसमोर कोण काढणार, मी तर नाही. पारदर्शक मास्क मागवले, त्यात वाफ धरते. आणि त्यांचा जो शो होता तो तर सोडाच, धोट्याच्या भोकातून तोंडाने दोरा ओढून दाखवायच्या, त्याला इथे धोट्याचं चुंबन म्हणायचे, एकाच धोट्याला अनेकींची तोंडं लागायची आणि क्षय पसरायची भीती असायची, लँकेशायरमधे १९५२ ला त्यावर बंदी आली. आजी फोनवर म्हणाल्या (त्यांची मुलगी मधे बसून सांगत होती), आम्हाला कळायला किती वर्षं लागली बघ, तुम्हाला लगेच कळलं.

१२ सप्टेंबरला, हेरिटेज ओपन डेजच्या (जुन्या वास्तू लोकांना फुकट दाखवायचा वार्षिक उत्सव) शनिवारी उघडलं. एका वेळी एकच घर, आधी बुकिंग, नावं-फोन २१ दिवस ठेवायचे, २४ तारखेपासून दारावर क्यूआर कोड. दिवसभरात थोडेच लोक आले पण एकेक कुटुंब अख्खं शेड आपलंच असल्यासारखं तासभर फिरायचं. ५ नोव्हेंबरला परत बंद. २ डिसेंबरला देशाचा लॉकडाउन उठला पण लँकेशायर टियर तीनमधे (सगळ्यात कडक निर्बंधांचा गट), म्हणजे म्युझियम बंदच, मग जानेवारीचा लॉकडाउन, असं करत करत थेट १७ मे २०२१ पर्यंत. नोव्हेंबरमधे आमचे पैसे संपणार होते ना, ते त्या ग्रँटमुळे संपले नाहीत, छताचा कोपरापण झाला.

त्या हिवाळ्यात एक गोष्ट केली ती सांगायलाच हवी. एका ट्रेनिंगमधे फोनवर व्हिडिओ कसा घ्यायचा ते शिकवलं होतं, त्यावरून मला सुचलं. आजींच्या मुलीने टॅब्लेट लावून दिला आणि दर गुरुवारी झूमवर आम्ही सगळे म्यूट करून बसायचो आणि आजी आम्हाला मी-मॉ शिकवायच्या. दहा-बारा चौकोन, कोणाचाच आवाज नाही, सगळे ओठ हलवतायत. चहा झाला का. पट्टा सुटला. मुकादम येतोय. घरात एकट्या बसलेल्या बाईला कितीतरी महिन्यांनी आपलं बोलणं दुसऱ्याला नीट कळतंय हे तिच्या तोंडावर दिसत होतं. सगळं रेकॉर्ड करून ठेवलंय, आमच्या संग्रहात नोंद केलीय, नंबर दिलाय.

मी सोलापूरला बाबांना व्हिडिओ कॉलवर दाखवलं. ते म्हणाले, तुझे आजोबा पण जेवताना असंच बोलायचे गं, आम्हाला वाटायचं रागावलेत.

२२ मे २०२१, शनिवार, परत उघडलं. आजींना दोन्ही डोस झाले होते पण डॉक्टर आत गर्दीत नको म्हणाले होते, म्हणून त्या मुलीबरोबर शेडच्या मोठ्या खिडकीबाहेर उभ्या राहिल्या. आत दोन कुटुंबं होती, आमच्या माणसाने साचा सुरू केला, एवढे महिने बंद होता, सगळ्यांनी कानावर हात ठेवले. मी सहज खिडकीकडे बघितलं तर आजी काचेपलीकडून, मास्क खाली करून, एकेक शब्द मोठा करून सांगत होत्या. पट्टा. सैल. आहे. मी तिथूनच ओठांनी विचारलं, कितवा? माझा मास्क होता हे लक्षातच नव्हतं. त्यांनी डोकं हलवलं आणि तीन बोटं वर केली. आम्ही साचा थांबवला, तिसरा पट्टा ओढून घेतला आणि परत चालू केला.